मागच्या खोलीतलं हसू

कवळीवाल्यानं ते हसू पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चांगली उजेडाची सकाळ होती, आणि जिचं ते हसू, ती त्याची बायको त्याच्या पुढ्यात खुर्चीवर मान मागे टाकून, तोंड मिटून बसली होती.

तिच्या गळ्याच्या खळगीत एक भोक होतं आणि भोकात आखूड नळी. श्वास आता तिथूनच. ती नळी सकाळ-संध्याकाळ काढायची, धुवायची, भोकाभोवतीची कातडी ओल्या कापडानं टिपायची, नळी परत बसवायची आणि वर जाळीचा रुमाल बांधायचा, हे काम इस्पितळातल्या नर्सनं त्याला शिकवून दिलं होतं. हात हलका होता त्याचा. उभा जन्म लोकांच्या कवळ्या घडवण्यात गेलेला, तिथे नळीचं काय! आत काही अडकलंय का ते बघायला त्यानं नळी उजेडाकडे धरली, आणि मागच्या खोलीत कुणीतरी हसलं.

आधी उचकीसारखा एक तुटका सूर. मग क्षणभर काही नाही. आणि मग जिन्यावरून रिकामा हंडा गडगडत यावा तसं ते हसू आलं, घरभर फिरलं, आणि दम संपल्यावर थांबलं.

तिचे डोळे मिटलेलेच होते. त्यानं नळी बसवली, रुमालाची गाठ मारली आणि मगच मागच्या खोलीत गेला. आत कुणी नव्हतं. टेबलावर मेण, सुऱ्या, पॉलिशचं यंत्र. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, कुणाचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, कुणाचे दोनच. सगळं जिथल्या तिथे. एरवी त्या जबड्यांकडे त्याचं लक्षही जात नसे. त्या दिवशी मात्र त्याला वाटलं, मी दार उघडलं म्हणून हे सगळे आत्ता मिटलेत.

'शेजारचा रेडिओ असेल,' तो मनाशी म्हणाला. पण रेडिओवर ते हसू येणार कुठून? ते अख्ख्या गल्लीच्या ओळखीचं होतं.

त्याची बायको गाडी चालवायला शिकवायची. शिकवायच्या गाडीला तिच्या बाजूलाही एक ब्रेक असे, आणि सगळे तिला ब्रेकबाईच म्हणायचे. चुकलेल्या माणसाला ती ओरडायची कमी, हसायची जास्त. एखाद्यानं गाडी थेट फुटपाथवर चढवली की ती अशी काही हसे, की भीतीनं पांढरा पडलेला तो माणूसही हसायला लागे आणि पुढच्या वळणावर सुतासारखा सरळ गाडी वळवी. कवळीवालाही एके काळी तिच्याकडे शिकायलाच गेला होता. पहिल्याच दिवशी त्यानं दिव्याच्या खांबाला धडक दिली. ती हसली. गाडी चालवणं त्याला कधीच आलं नाही, पण वर्षाच्या आत लग्न मात्र झालं.

तो स्वतः हसत नसे. म्हणजे रडका नव्हता. पण फार झालं तर नाकातून एक फुंकर. "दिवसभर लोकांचे दात घासून घासून यांचे झिजलेत, म्हणून दाखवत नाहीत," असं ती सगळ्यांना सांगायची. मूलबाळ झालं नाही. घरात दोन माणसं, आणि आवाज एकाचाच.

तो आवाज बसला तेव्हा सगळे म्हणाले, ओरडून बसलाय. गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, औषधं झाली. मग मानेला गाठ लागली. मग तपासण्या, मग किरणं, आणि ती करूनही दुखणं हटेना म्हटल्यावर मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल.

"हसता येईल?" तिनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "हसाल की. आवाज येणार नाही."

आवाज यायचा नव्हता, आणि तो मागच्या खोलीतून आला होता. कवळीवाल्यानं ही गोष्ट पोटात ठेवली. पण त्या आठवड्यात त्याची मोठी बहीण मदतीला येऊन राहिली होती, आणि तिच्या कानांपासून कोण काय लपवणार!

ताई स्वभावानं मायाळू, पण रडकी. आल्यापासून तिनं भावाच्या घराला सुतकी कळा आणली होती. ब्रेकबाई पाटीवर काही लिहायला लागली, की ताई आधीच पदर डोळ्यांना लावायची. त्या दुपारी ती कपड्यांची टोपली घेऊन येताना उंबऱ्याला अडखळली आणि टोपलीसकट अशी फतकल मारून बसली, की भावाची विजार तिच्या डोक्यावर. मागच्या खोलीतून हसू उसळलं.

"अगं बाई! हसली!" ताई डोक्यावरच्या विजारीसकट उठली. "अरे, ऐकलंस का? ही हसली! आवाज आला हिचा!"

आणि तशीच धावत ती स्वयंपाकघरात गेली. ब्रेकबाई तिथे टेबलाशी बसली होती. हातात पेला, ओठ घट्ट. रंग पार उडालेला. मागच्या खोलीत ते हसू अजून चालूच होतं, शेवटाकडे आलेलं, दम खात खात.

तिघंही ऐकत राहिली. ते थांबलं तशी ब्रेकबाईनं पाटी ओढली आणि लिहिलं, "माझं आहे."

ताईची बोबडी वळली. "मला जरा... तिकडे घरी... यांचं जेवणाचं बघायचं राहिलंय," असं काहीबाही म्हणत तिनं बॅग भरली. जाताना भावाला दाराबाहेर ओढून म्हणाली, "घर बदला. ऐक माझं. जिवंत माणसाचं काही असं हिंडताना मी ऐकलं नाही."

ती गेल्यावर दोघं नवरा-बायको समोरासमोर बसली.

"तुला कधीपासून ऐकू येतंय?" त्यानं विचारलं.

"इस्पितळातून आल्यापासून," तिनं लिहिलं. मग पुसलं, आणि पुन्हा खडू टेकवला. "ते मेलेलं आणि मी जिवंत, की उलटं?"

त्यानं तिचा हात धरला. हात गार होता, पण नाडी चांगली टणटणत होती. "हे बघ, नाडी तुझ्याकडे आहे," तो म्हणाला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की हा माणूस गंमत करतोय की काय, आणि भिंतीपलीकडे एक बारीकसा खुदकन आवाज झाला.

त्यावरून तिच्या लक्षात आलं. ते हसू उगाच येत नव्हतं. तिला जे हसू आलं असतं, त्यालाच ते हसत होतं. ताईची फतकल, त्याच्या हातून सांडलेलं प्लास्टर, शेजारच्या वकिलाची टोपी वाऱ्यानं उडाली ती. पहिल्या सकाळी ती डोळे मिटून मनातल्या मनात हेच म्हणत होती, की नवरा माझ्या गळ्यात कवळी बसवतोय.

दुसऱ्या दिवशी कवळीवाल्यानं चपलेत पाय घातला आणि ओरडून उडीच मारली. चपलेत कुणा मेजरसाहेबांचा खालचा जबडा होता. मागच्या खोलीत हसण्याचा कल्लोळ उठला. त्यानं वळून बघितलं तर ब्रेकबाई दाराला टेकून उभी, खांदे गदगदा हलताहेत, डोळ्यांतून पाणी, आणि गळ्याच्या जाळीतून नुसती फस्स-फस्स हवा. ती इथे हसत होती आणि आवाज तिथून येत होता. वीज चमकते एकीकडे आणि गडगडतं दुसरीकडे, तसं.

त्याच्या अंगावर काटा आला. पण इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा हसली होती. तो चपलेतला जबडा उचलून, दोन बोटांनी उघडमीट करत, जाड आवाजात म्हणाला, "बाई, माझे पाय कुठे आहेत?"

असं सुरू झालं. मिठाची गुळणी धरून बसणारा हा माणूस रोज सकाळी कामाला बसायच्या आधी दोन जबडे घेऊन नळी धुवायच्या खुर्चीपाशी यायला लागला. एक जबडा मेजरसाहेब, दुसरी त्यांची सासू. सासूला एकच दात, आणि तोही मेजरसाहेबांच्या पैशांनी बसवलेला. त्यांची भांडणं, त्यांचे रुसवे, एकमेकांना चावणं. गोष्टी ब्रेकबाई पाटीवर रचायची आणि तो वठवायचा. वाईट वठवायचा, पण वाईट होतं म्हणूनच जास्त हसू यायचं. हसता हसता तिच्या नळीतून कफ उडायचा, कधी त्याच्या चष्म्यावर, आणि मग काही विचारू नका. ज्या कामाची दोघांना मनातून शिसारी होती, त्याची ती वाट बघू लागली.

पण मागच्या खोलीतलं ते काही पाळीव मांजर नव्हतं. ते हळूहळू जवळ येत गेलं. आधी भिंतीपलीकडे असायचं, मग दाराच्या मागे, मग बोळकांडीत. एका सकाळी ते टेबलाखालून आलं आणि दोघांनी एकदम पाय वर घेतले. एकदा तर तो जबडा उघडून पुढचं वाक्य जुळवत होता, अजून काही बोललाही नव्हता, आणि ते त्याच्या मानेशी हसलं. वाक्य त्याला त्यानंतर सुचलं. वाक्य विनोदीच होतं. पण ते बोलायची त्याची हिंमत झाली नाही.

इस्पितळातले डॉक्टर म्हणत होते, आता बोलायला शिका. गळ्याला लावायचं यंत्र मिळतं. नाही तर हवा गिळून ढेकरेवर बोलता येतं, तीच विद्या शिकवणारी आवाज गेलेल्यांची एक मंडळी दर शनिवारी दुपारी जमते. ब्रेकबाई नको नको म्हणत होती. शेवटी त्यानंच तिला नेलं.

इस्पितळाच्या मागच्या इमारतीत एक लांबट खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, चहाची किटली. दारातच दोघांचे पाय अडखळले. आत पंधरा-वीस माणसं गप्पा मारत होती. कुणी गळ्याला यंत्र लावून, एकाच सुरात, भुंग्यासारखं. कुणी खोल विहिरीत दगड पडावा तसं. बायका कुठल्या, पुरुष कुठले, डोळे मिटले तर कळू नये.

मंडळींचा प्रमुख एक उंच म्हातारा होता. फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून त्याची हयात गेली होती. तो हवा गिळत गिळत म्हणाला, "या... बसा. इथं कुणी... कुणाचं बोलणं... तोडत नाही. तोडायला... दम लागतो."

सगळे हसले. सबंध खोली हसली, आणि आवाज म्हणून नाही. खांदे हलत होते, माना मागे पडत होत्या, आणि इतक्या गळ्यांतून एकदम हवा सुटत होती, जशी रेल्वे-इंजिनं उभ्या जागी वाफ सोडतात. कवळीवाल्याला वाटलं, उठून पळावं. ब्रेकबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर तिचे डोळे चमकत होते.

चहाच्या वेळी पंचाची बायको कवळीवाल्याजवळ आली. ठेंगणी, नीटनेटकी बाई. कपात चमचा फिरवत सहज विचारावं तसं म्हणाली, "घरी येतं का?"

"काय?"

"तुम्हाला कळलंय, मी काय विचारतेय ते."

त्यानं कप खाली ठेवला. "मागच्या खोलीतून. हसणं."

"नशीबवान आहात. आमच्याकडे ओरडणं यायचं. हे मैदानावर ओरडायचे ना, तसं. गच्चीवर. पहिल्यांदा मी कपड्यांची बादली टाकून पळत सुटले होते."

"मग?"

"मग हे बोलायला शिकले. जसजसं यांचं बोलणं सुधारलं, तसतसं ते विरळ होत गेलं. आता येतच नाही म्हटलं तरी चालेल. मागे एकदा आलं, अगदी बारीक, पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखं." तिनं नवऱ्याकडे एकदा पाहून घेतलं. "खरं सांगू? मी अजून गच्चीवर जाऊन उभी राहते. यांना नाही सांगत."

बसमधून घरी जाताना कवळीवाल्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं. पाटी काढलीच नाही.

त्यानंतर ती मंडळींत जायची, हसायची, पण घरी सराव म्हणून करायची नाही. हवा गिळायला बसली की काहीतरी काम निघायचं. पंच तिला म्हणायचा, "रोज... थोडं. रोज." ती मान डोलवायची. आणि नवऱ्यानं तिला एकदाही टोकलं नाही. रोजची औषधं, नळी, वाफारा, सगळं घड्याळासारखं करणारा हा माणूस सरावाचं तेवढं नेमकं विसरायचा.

दुपारी जेवण झालं की ती झोपायची आणि तो मागच्या खोलीत काम करायचा. एका दुपारी कवळीला पॉलिश करता करता तो सहज मोठ्यांदा बोलून गेला, की दाताच्या डॉक्टरांनी आज कुणाची कवळी कुणाला पाठवली आणि दोघांनीही 'छान बसली' म्हणून कळवलं. समोरच्या रिकाम्या स्टुलावरून कुणीतरी हसलं. मोठ्यांदा नाही. दबकं, खालच्या पट्टीतलं. हे हसू गल्लीच्या ओळखीचं नव्हतं. हे फक्त त्याच्या ओळखीचं होतं. दिवा मालवल्यावर, उशीत तोंड खुपसून ती असं हसायची.

त्याच्या हातातलं यंत्र बंद पडलं ते त्यानं परत सुरू केलं नाही. दुसऱ्या दिवशी तो जेवण लवकर आटपून मागे गेला. तिसऱ्या दिवशी स्टूल पुसून ठेवलं. रोज काहीतरी सांगायला मनात जमवून ठेवू लागला, आणि सकाळी नळी धुताना मेजरसाहेब आणि त्यांची सासू आता फारसं बोलेनाशी झाली. "आज सुचत नाही गं," म्हणायचा. सुचायचं. पण ते दुपारसाठी राखलेलं असायचं.

अशाच एका दुपारी तो स्टुलाकडे वाकून, गुडघ्यांवर कोपरं टेकून, बारीक आवाजात काही सांगत होता आणि स्टूल हसत होतं. खोलीतला उजेड किंचित कमी झाला, म्हणून त्यानं मान वळवली. दारात ती उभी होती. केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी. किती वेळ उभी होती देव जाणे.

तो ताडकन उठला. "अगं, मी नुसतं..."

ते हसू थांबलं नाही. हीच गोष्ट त्याला नंतर कित्येक दिवस छळत राहिली. आजवर ती हसली की ते हसायचं. आज ती हसत नव्हती, तिच्या डोळ्यांत आग होती, आणि तरी ते स्टुलावरून हसत होतं. तिलाच हसत होतं. फळीवरचे जबडे बारीक खुळखुळायला लागले.

तिनं तोंड उघडलं, मिटलं, हवा गिळली. मान फुगली, चेहरा लाल झाला. आणि तिच्या आतून, कुठून तरी बेंबीच्या देठापासून, मोरी तुंबून मोकळी व्हावी तसा आवाज आला.

"बा-हेर!"

हसू तिथल्या तिथे तुटलं.

"मी?" कवळीवाल्यानं विचारलं.

तिनं आधी स्टुलाकडे बोट दाखवलं. मग त्याच्याकडे. पुन्हा हवा गिळली. "दो-घं!"

तो निमूटपणे बाहेर गेला आणि रस्त्यावरच्या पायरीवर जाऊन बसला, शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखा. येणारे-जाणारे बघत होते. बऱ्याच वेळानं दार वाजलं, ती येऊन शेजारी टेकली, आणि मांडीवर पाटी घेऊन लिहायला लागली.

"तुम्ही कुणाशी लग्न केलंत?"

त्यानं थाप मारली नाही. "त्याच्याशीही," तो म्हणाला. "ते हसू ऐकूनच तर तुझ्याकडे ओढला गेलो. मला ते सोडवत नाही. तू सराव करत नव्हतीस ना, मला बरं वाटत होतं. असा मी माणूस आहे."

तिनं पाटी पुसली. "मलाही सोडवत नाही," तिनं लिहिलं. आणि खाली, जरा मोठ्या अक्षरात, "पण मला तुमच्याशी भांडायचंय. पाटीवर भांडता येत नाही."

तो नाकातून फुंकरला. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि नळीतला तिचा श्वास त्याच्या मानेला गरम लागत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सराव सुरू झाला. सोड्याच्या बाटल्या आल्या. ती ढेकर द्यायची, तिला सोबत म्हणून तोही द्यायचा, आणि शेजारचा वकील भिंतीवर टकटक करायचा. पहिले शब्द आले ते 'पा', 'ता', 'का'. मग 'पाट', 'ताट', 'काट'. मग एके दिवशी 'टकलू', आणि वकिलानं पुन्हा टकटक केलं.

त्या दिवसांत ते हसू चवताळलं. विनोद नाही, निमित्त नाही; भर सकाळी एकाएकी उठायचं आणि खोल्याखोल्यांतून धावत सुटायचं. कपाटात हसायचं, बादलीत हसायचं. एकदा ते इतका वेळ चाललं, की तो कानांवर हात दाबून भिंतीशी खाली बसला. हसण्याचा शेवट दम लागून होतो. त्याला आता दमच लागत नव्हता, थांबणार कसं? फळीवरचा एक जबडा सरकत सरकत काठाला आला आणि फरशीवर फुटला. ब्रेकबाई मात्र खुर्चीतून हलली नाही. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ती हवा गिळत होती आणि बोलत होती. "पा... पाटी. का... कागद. ता... ताई." तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो रांगत तिच्यापाशी गेला आणि तिच्या गुडघ्याला धरून, तिच्याबरोबर, एकेक शब्द बोलू लागला. त्या हसण्याच्या वर आवाज चढवून दोघं 'पाटी' आणि 'कागद' करत राहिली. कुणी बघितलं असतं तर दोघांना वेड्यात काढलं असतं.

त्या दिवसानंतर ते ओसरलं. आधी पुन्हा मागच्या खोलीत गेलं, मग भिंतीच्या आत गेल्यासारखं झालं, मग कधीतरी पाण्याच्या नळातून एखादा सूर. आणि मग ऐकू आलं नाही. घर एकदम मोठं वाटायला लागलं. ब्रेकबाईचा नवा आवाज जाडाभरडा होता, तीन शब्दांवर थांबणारा. पण त्यात तिनं नवऱ्याला मनसोक्त झापून घेतलं. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं. तो ऐकत होता आणि अधूनमधून म्हणत होता, "हळू, हळू, हवा संपेल."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मानेला हात लावून पाहिलं, चित्रं पाहिली आणि म्हणाले, "सध्या ठीक आहे." 'सध्या' या शब्दाशी दोघांचं आता भांडण राहिलं नव्हतं. त्या दिवशी जाता-येता गाडी तिनंच चालवली. शिकवायची जुनी गाडी. दुखणं सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदाच चाकाशी बसली होती. तो तिच्या जुन्या जागेवर, पायाखाली तो दुसरा ब्रेक. येताना मागच्या सीटवर दाताच्या डॉक्टरांकडून घेतलेली प्लास्टरच्या जबड्यांची पेटी.

बाजाराच्या चौकात एक गलेलठ्ठ कुत्रा मधोमध येऊन बसला. तिनं ब्रेक दाबला. घाबरून त्यानंही दाबला. गाडी जागच्या जागी गचकन थांबली, मागची पेटी उघडली आणि जबडे पुढे उधळले. एक डॅशबोर्डवर, एक तिच्या मांडीत, आणि एक खिडकीतून थेट कुत्र्यासमोर. कुत्र्यानं त्याचा वास घेतला, तोंडात धरला आणि दोन रांगा दात दाखवत, मोठ्या ऐटीत, फुटपाथवरून निघून गेला.

तिचे खांदे हलायला लागले. आणि गाडीत ते हसू उसळलं.

आधी तुटका सूर, उचकीसारखा. मग गडगडत खाली येणारं, काचांवर आदळणारं ते सगळं. ती हसता हसता गारठली. मागे वळून पाहिलं, मागची सीट रिकामी. मग तिनं हळूहळू मान फिरवली.

कवळीवाल्याचं तोंड उघडं होतं. पोट धरून, डोळे विस्फारून, तो हसत होता. हसू त्याच्या तोंडातून येत होतं आणि ते त्याचं नव्हतं. त्याला थांबवता येत नव्हतं. दम संपला तेव्हाच ते थांबलं, आणि तो दोन्ही हात ओठांवर दाबून तिच्याकडे बघत राहिला.

मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. तिनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मग पुढे झुकून त्याच्या शर्टाचं वरचं बटण काढलं आणि बोटांनी त्याचा गळा चाचपायला लागली, जबड्याखाली, कानामागे, हाडाच्या खळगीत, जसा डॉक्टर तिचा चाचपायचे. प्रत्येक ठिकाणी थांबत होती.

"दुख-तं?"

"नाही."

"गाठ?"

"नाही गं. काही नाही." त्याचा आवाज त्याचाच होता, नेहमीसारखा, जरा घाबरलेला.

तिनं हात काढला नाही. तळवा त्याच्या गळ्यावर तसाच ठेवून ती बसली.

"प-रत," ती म्हणाली.

"मुद्दाम नाही जमणार मला."

मग मांडीतला जबडा उचलून तिनं त्याच्या नाकासमोर धरला, दोन बोटांनी उघडला, आणि हवा गिळायला लागली.